सातबाऱ्यामागील माहितीकोश : निगा आणि गती

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ या दिवसामुळे. सरनोबत प्रतापराव गुजर त्या दिवशी येथील खिंडीत मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व धारातीर्थी पडले. परंपरेने या वीरांची संख्या सात मानली आहे. त्यांपैकी प्रतापरावांचे नाव निश्चित आहे. उरलेल्या सहा जणांच्या नावांबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. पराक्रम घडला, स्मारक उभे राहिले, गावोगावी त्याची कथा सांगितली गेली. पण निर्विवाद अशी समकालीन नोंद हाती नसल्यामुळे सहा नावे संशयात राहिली.

नोंदीचे मोल सांगण्यास याहून वेगळा दाखला शोधण्याचे कारण नाही. आज त्याच पंचक्रोशीत भाताचे वा उसाचे शेत कसणाऱ्या कुटुंबाचा हक्क एका नोंदीवर उभा आहे. ती नोंद म्हणजे सातबारा. पतीच्या निधनानंतर पत्नीचे नाव लागले किंवा नाही, मुंबईस नोकरीला असलेल्या भावाचा हिस्सा बरोबर दाखविला आहे किंवा नाही, सोसायटीच्या कर्जाचा बोजा फिटल्यावर उतरला किंवा नाही, यांवर खरिपाचे पीककर्ज, नुकसानभरपाई व वाटणी अवलंबून असते. ही नोंद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांत होती. आज ती संगणकातील माहितीकोशात आहे. तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी असे नवे पदनाम मिळाले, तसे दप्तरानेही नवे रूप घेतले.

हा माहितीकोश, ज्यास व्यवहारात डेटाबेस म्हणतात, सांभाळायचा कसा आणि तो संथ झाल्यास त्याची गती सुधारायची कशी, हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा आहे अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. ज्यांना गावनमुने वाचता येतात त्यांना या शास्त्राची मूलतत्त्वे निश्चितच समजू शकतात. तीच येथे क्रमाने मांडली आहेत.

गावनमुन्यांची रचना

आपल्या महसूल प्रशासनात गावनमुने १ ते २१ अशी नोंदवह्यांची मालिका आहे. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, तर १२ ही पिकांची नोंदवही. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्यासच सातबारा म्हणतात. गाव नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही होय. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते.

या वह्या एकमेकींपासून तुटक नाहीत. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, खाते क्रमांक असतो आणि फेरफार क्रमांकही असतो. खाते क्रमांक घेऊन आठ-अ उघडले की त्या व्यक्तीची सर्व जमीन कळते. फेरफार क्रमांक घेऊन सहा नंबरची वही उघडली की हक्क कोणत्या कारणाने बदलला हे समजते. एका वहीतील क्रमांक दुसऱ्या वहीचे दार उघडतो.

एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत काम करीत असताना जो सिद्धान्त मांडला, त्याचे सार हेच आहे. माहिती कोष्टकांत ठेवावी. प्रत्येक ओळ एका क्रमांकाने निःसंदिग्धपणे ओळखता यावी. आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध या क्रमांकांवरूनच जोडावा. ओळखीच्या अशा क्रमांकास किल्ली म्हणतात व अशा रचनेस संबंधाधिष्ठित माहितीकोश. या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज बँका, रेल्वे आरक्षण, विमा व शासन यांचे बहुतेक मोठे व्यवहार या रचनेवर चालतात.

या रचनेचा पहिला नियम असा की, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. हस्तलिखित दप्तरात पाच गटांच्या मालकाचे नाव पाच पानांवर लिहिले जाई. एका पानावर ‘रामचंद्र’, दुसऱ्यावर ‘रामा’, तिसऱ्यावर ‘रामू’ असे होणे स्वाभाविक होते. गावच्या तलाठ्यास तो एकच मनुष्य आहे हे माहीत असे. यंत्रास ते माहीत नसते. ‘सूर्यवंशी’ आणि ‘सुर्यवंशी’ ही यंत्राच्या लेखी दोन भिन्न कुटुंबे होत. म्हणून नाव खात्याच्या कोष्टकात एकदाच लिहावयाचे आणि इतरत्र केवळ खाते क्रमांक द्यावयाचा. नावात दुरुस्ती झाली की ती सर्वत्र आपोआप दिसते.

दुसरा नियम बंधनांचा. एका गटातील सर्व हिश्शांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकीच असली पाहिजे. जे खाते अस्तित्वात नाही त्याच्या नावे जमीन चढता कामा नये. पूर्वी अशा चुका तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत वर्षानुवर्षे राहत. माहितीकोशात ही बंधने आरंभीच घालून ठेवली तर चुकीची नोंद स्वीकारलीच जात नाही. मात्र ही बंधने जाणत्याने विचारपूर्वक घालावी लागतात. यंत्र स्वतः शहाणे नसते, सांगितलेला नियम न कंटाळता पाळणे एवढाच त्याचा गुण.

आधी खरेपणा, मग वेग

या ठिकाणी महाराष्ट्राच्या महसुली इतिहासातील एक धडा आठवतो. १८३० च्या सुमारास पुणे भागात प्रिंगल यांनी जमिनीची मोजणी व आकारणी केली. तिच्यामागील सिद्धान्त अत्यंत सूक्ष्म होता, गणिते बारकाईची होती; परंतु खालून आलेली माहितीच खोटी व सदोष निघाली. आकारणी कोसळली, रयत हवालदिल झाली. पुढे १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात साध्या, पडताळता येण्याजोग्या पद्धतीने काम पुन्हा आरंभिले, आणि तीच पद्धत टिकली. गणित कितीही उत्तम असले तरी मूळ आकडा खोटा असल्यास उत्तर खोटेच येते, हा नियम संगणकासही लागू आहे.

म्हणूनच २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम हाती घेण्यात आली. संगणकातील सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखविणे, हस्तलिखित उताऱ्याशी ताडून पाहणे व तफावत दुरुस्त करणे हे काम वरवर पाहता जुन्या वळणाचे वाटेल. वस्तुतः माहितीकोशाच्या निगेतील ती सर्वांत महत्त्वाची पायरी होती. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना मिळू लागला. आधी पडताळणी आणि मग प्रमाणीकरण, हाच क्रम योग्य होय.

नेसरीपासून फार दूर नसलेल्या कर्नाटकातही हेच घडले. तेथील ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर आणण्यात आल्या. त्यानंतर हस्तलिखित उताऱ्याची मान्यता काढून घेण्यात आली. एकाच हक्काच्या दोन नोंदी, एक कागदावर व एक यंत्रात, दीर्घकाळ चालू राहिल्या तर कोणती खरी हा वाद मिटत नाही, हे त्यामागील कारण उघड आहे.

फेरफाराचे तत्त्व

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हक्क बदलल्याची वर्दी आली की सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करावयाची नसते. प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो.

संगणकशास्त्राने माहितीकोशासाठी जी पद्धत सिद्ध केली ती हुबेहूब अशीच आहे. कोणताही बदल मूळ कोष्टकात पक्का होण्यापूर्वी एका स्वतंत्र रोजनाम्यात लिहिला जातो. बदलाच्या सर्व पायऱ्या पूर्ण झाल्या की ‘प्रमाणित’ अशी खूण होते. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताना हा रोजनामा वाचला जातो. ज्या व्यवहारांवर प्रमाणित अशी खूण आहे ते पूर्ण केले जातात. ज्यांवर नाही ते पूर्णतः मागे घेतले जातात.

याचे महत्त्व उदाहरणाने पाहू. एका गटातील दोन एकरांपैकी एक एकर विकला. विकणाऱ्याच्या खात्यातून एक एकर वजा करणे व घेणाऱ्याच्या खात्यात मिळविणे अशी दोन कामे आहेत. पहिले झाले आणि दुसऱ्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर एक एकर जमीन कागदावरून नाहीशी होईल. म्हणून ही दोन्ही कामे मिळून एकच व्यवहार मानावयाचा : तो सगळा होईल, नाही तर मुळीच होणार नाही. पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची तरतूद लक्ष्मी मुक्ती योजनेने १९९२ मध्ये केली. ते नाव चढविताना, किंवा २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मिळालेल्या समान हक्कानुसार वारस नोंदविताना, एक नाव आत व एक बाहेर असे अर्धवट चित्र क्षणभरही राहता कामा नये.

दोन कर्मचारी एकाच वेळी एकाच गटाची नोंद करू लागले तर काय होते? माहितीकोश पहिल्यास त्या ओळीचे कुलूप देतो व दुसऱ्यास थांबवितो. क्वचित पेच पडतो. अदलाबदलीच्या दोन दस्तांत एकाने दहा क्रमांकाचा गट धरून ठेवला आहे व त्यास वीस क्रमांकाचा हवा आहे. दुसऱ्याने वीस धरला आहे व त्यास दहा हवा आहे. दोघेही अनंतकाळ थांबतील. अशा वेळी माहितीकोश एकाचा व्यवहार मागे घेऊन दुसऱ्यास वाट करून देतो. सर्वांनी लहान क्रमांकापासून मोठ्या क्रमांकाकडे कुलपे घ्यावीत एवढी शिस्त पाळली तर असा पेच बहुतेक टळतो. तसेच व्यवहार उघडून ठेवून चहाला जाणारा कर्मचारी इतर अनेकांचे काम अडवितो, हेही येथे सांगितले पाहिजे. कुलूप शक्य तितका अल्पकाळ ठेवावे.

गती : रुमाल आणि सूची

आता गतीचा प्रश्न. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी नसेल, तर एक पत्र शोधण्यासाठी सारे रुमाल सोडावे लागतील. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा ही सामग्री सामान्य अभ्यासकाच्या हाती आली. कागद तेच होते. बदल झाला तो मार्ग लावल्यामुळे.

माहितीकोशात हे काम सूची करते. बायर व मॅक्‌क्राईट यांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेली वृक्षासारखी सूची आजही सर्वत्र वापरात आहे. तिची शक्ती साध्या गुणाकाराने कळते. सूचीच्या प्रत्येक पानावर दोनशे फांद्यांचे निर्देश आहेत असे समजू. मग दोन पायऱ्यांत ४० हजार, तीन पायऱ्यांत ८० लाख आणि चार पायऱ्यांत १६० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. त्यांतून हवा तो उतारा शोधण्यास चार पाने उलटणे पुरेसे आहे. सूची नसेल तर अडीच कोटी ओळी चाळाव्या लागतील.

परंतु सूची म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, क्रमाची. जिल्हा, तालुका, गाव, गट या क्रमाने केलेली सूची गावाचे नाव न देता केवळ गट क्रमांक शोधण्यास निरुपयोगी आहे. शब्दकोशात ‘न’ ने आरंभ होणारे शब्द लगेच सापडतात. ज्यांच्या मध्ये ‘स’ आहे असे शब्द शोधण्यास मात्र सारा कोश वाचावा लागतो. नावात कोठेही ‘राम’ असलेले सर्व खातेदार दाखवा, असा प्रश्न यंत्रास म्हणूनच जड जातो.

दुसरी, प्रमाणाची. आडनाव ‘पाटील’ असलेले खातेदार शोधावयाचे असतील तर अनेक गावांत निम्मे पुस्तक तेच निघेल. तेथे सूचीत जाऊन पुन्हा पुन्हा मूळ पानाकडे येण्यापेक्षा सरळ सारी पाने वाचणे स्वस्त पडते. दुर्मीळ आडनावासाठी मात्र सूचीच योग्य. कोणता मार्ग घ्यावयाचा हे माहितीकोशातील नियोजक ठरवितो, आणि तो ठरवितो सांख्यिकीवरून : ओळी किती, भिन्न मूल्ये किती, कोणते मूल्य किती वेळा आले. ही सांख्यिकी जुनी असेल तर नियोजकाचा अंदाज चुकतो. नव्या गावांची माहिती मोठ्या प्रमाणात भरल्यावर दुसऱ्या दिवशी काल वेगाने चालणारे काम अचानक रेंगाळते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. उपायही सोपा आहे. मोठी भर पडल्यावर सांख्यिकी ताजी करावी.

तिसरी, किमतीची. प्रत्येक सूची नवीन नोंदीच्या वेळी अद्ययावत करावी लागते. एका कोष्टकास दहा सूच्या जोडल्या की एक फेरफार लिहिण्यासाठी अकरा ठिकाणी लेखणी चालवावी लागते. जी सूची कोणी वापरीत नाही ती काढून टाकणे हेही निगेचेच काम आहे.

तंबोरा जुळविण्याची रीत

यंत्रणा संथ चालते अशी तक्रार आली की पहिली मागणी होते ती मोठ्या यंत्राची. मिरजेच्या तंतुवाद्यांचा लौकिक जाणणाऱ्यांस हे ठाऊक आहे की तंबोरा बेसूर लागल्यास कोणी नवा भोपळा आणीत नाही. कोणती तार उतरली आहे हे आधी कानाने ओळखावे लागते. माहितीकोशाची गती सुधारतानाही पहिली पायरी मोजमापाची. एका कामास लागलेल्या वेळेपैकी किती वेळ गणनेत गेला, किती तबकडीवरून वाचण्यात, किती कुलुपाची वाट पाहण्यात आणि किती तारेवरून माहिती ये-जा करण्यात, हे माहितीकोश स्वतःच नोंदवून ठेवतो. ते न पाहता केलेला खर्च म्हणजे अंधारात मारलेला दगड.

अनुभव असा आहे की दोष बहुधा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत सापडतो. समजा, एका गावात हजार खाती आहेत व प्रत्येकाचे एकूण क्षेत्र हवे आहे. एका आज्ञावलीने प्रथम खात्यांची यादी मागविली व नंतर प्रत्येक खात्यासाठी वेगळा प्रश्न विचारला. हे म्हणजे कोतवालास हजार चिठ्ठ्या घेऊन हजार वेळा तालुक्याला पाठविण्यासारखे झाले. प्रत्येक फेरीस केवळ पाच सहस्रांश सेकंद लागला तरी पाच सेकंद येण्याजाण्यातच जातील. तोच प्रश्न दोन कोष्टके जोडून एकदाच विचारला तर एका फेरीत उत्तर मिळते. यंत्र तेच, माहिती तीच.

यानंतर पाहावे स्मरणाकडे. रोज लागणारी कागदपत्रे हुशार दप्तरदार मेजावर ठेवतो, क्वचित लागणारी कपाटात. संगणकाची स्मृती हे मेज व तबकडी हे कपाट. फिरत्या तबकडीवरून वाचण्यास जेथे सुमारे दहा सहस्रांश सेकंद लागतात, तेथे स्मृतीतून वाचण्यास त्याच्या एक लक्षांश वेळ पुरतो. मेज पुरेसे मोठे असावे आणि त्यावर अनावश्यक कागदांची गर्दी नसावी. दुपारी अकरा वाजता साऱ्या जिल्ह्याचा वार्षिक अहवाल काढू पाहणारा अधिकारी मेजावरचे रोजचे कागद खाली ढकलतो आणि त्याच वेळी उताऱ्यासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी ताटकळतो. असे अहवाल रात्री काढावेत, किंवा त्यांसाठी माहितीकोशाची केवळ वाचनासाठीची स्वतंत्र प्रत ठेवावी. अशी प्रत मूळापेक्षा काही क्षण मागे असू शकते, म्हणून तिच्यावरून अहवाल काढावेत. प्रमाणित उतारा मात्र देऊ नये.

गर्दीचाही हंगाम असतो. खरिपापूर्वी पीककर्जासाठी उताऱ्यांची मागणी एकदम वाढते. हजारो माणसांनी एकदम आत शिरण्यापेक्षा ठरावीक खिडक्या ठेवून रांग लावणे शहाणपणाचे, हे बँकेत काम केलेला कोणीही सांगेल. माहितीकोशासही एकाच वेळी किती जोडण्या द्यावयाच्या याची मर्यादा घालावी लागते. मर्यादा ओलांडली की सर्वांचेच काम मंदावते. एवढे सारे करूनही गती अपुरी पडली, तर मोठ्या यंत्राची मागणी रास्त ठरते.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. वेग वाढविण्यासाठी बंधने सैल करणे, रोजनामा लिहिणे पुढे ढकलणे किंवा पडताळणी वगळणे असे मोह होतात. त्यांनी घड्याळाचे काटे सुधारतील, पण एखाद्या विधवेचे नाव गळाले तर ते शोधून काढण्यास पुढे वर्षे लागतील. कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त होऊ शकतो हे खरे. तथापि त्या दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयाचे उंबरठे कोणास झिजवावे लागतात, याचा विचार प्रथम करावा.

नक्कल ठेवणे आणि नक्कल पारखणे

कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. भिजलेला कागद वाळवून वाचता तरी येतो. बुडालेल्या यंत्रातील माहितीची शाश्वती नसते. म्हणून नकलांचा साधा नियम जगभर पाळतात : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दूरच्या गावी. दूरची प्रत त्याच नदीच्या खोऱ्यात असू नये, एवढी भर आपण घालू शकतो.

नकलेचे धोरण दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवावे. संकट आले तर किती वेळाचे काम गमावणे आपणास परवडेल? आणि किती वेळात पुन्हा कामास लागले पाहिजे? आठवड्याला संपूर्ण नक्कल, रोज बदललेल्या भागाची नक्कल आणि दर काही मिनिटांनी रोजनाम्याची नक्कल अशी व्यवस्था असेल, तर गमावण्याचा काळ काही मिनिटांवर येतो.

परंतु नक्कल आहे एवढ्याने भागत नाही. गिटलॅब या जागतिक संगणक कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली व चालू माहितीकोश पुसला गेला. नकलांच्या पाच व्यवस्था असूनही त्या वेळी एकही नीट उपयोगी पडत नाही असे आढळले. एका कर्मचाऱ्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने काढलेली प्रत होती म्हणून निभावले. तरी मधल्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच. कंपनीने ही सारी हकीकत स्वतःहून जाहीर केली, ही गोष्ट अनुकरणीय आहे. त्यातून निघणारा बोध एका वाक्याचा आहे : जी नक्कल प्रत्यक्ष उघडून, त्यातून माहितीकोश पुन्हा उभा करून पाहिली नाही, ती नक्कल नाहीच असे समजावे. वर्षातून निदान दोनदा अशी कसोटी घ्यावी व तीस किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.

अधिकार आणि उत्तरदायित्व

फेरफार लिहिणारा एक व प्रमाणित करणारा दुसरा, ही विभागणी आपल्या पूर्वसूरींनी विचारपूर्वक केली. माहितीकोशातही प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. उतारा देणाऱ्यास वाचण्याचा, नोंद करणाऱ्यास लिहिण्याचा, प्रमाणित करणाऱ्यास प्रमाणित करण्याचा. माहितीकोशाची व्यवस्था पाहणाऱ्याच्या हाती सर्व किल्ल्या असतात. म्हणूनच त्याने केलेल्या प्रत्येक कृतीचीही नोंद, त्यास पुसता येणार नाही अशा जागी झाली पाहिजे. आपला संकेतशब्द सहकाऱ्यास देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

कोणी काय करावे

अधिकाऱ्यांनी यंत्रणेच्या पुरवठादारास वा व्यवस्थापकास चार प्रश्न नियमाने विचारावेत. शेवटची नक्कल केव्हा उघडून पाहिली? कामाचा वेळ कोठे जातो याचे मोजमाप कोठे आहे? मागील महिन्यात कोणाकोणाचे अधिकार वाढविले वा काढले? बंधनांत न बसणाऱ्या किती नोंदी शिल्लक आहेत? उत्तर आकड्यांत मिळावे.

पंचायत सदस्यांनी सातबाऱ्याचे वाचन आपल्या वॉर्डात स्वतःहून घडवून आणावे. २०२० पासूनच्या नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार कोणता व प्रलंबित फेरफार आहे किंवा नाही हे उताऱ्यावरच दिसते. ते पाहण्याची सवय गावास लागली तर पुष्कळ चुका पंधरा दिवसांच्या मुदतीतच उघडकीस येतील. नोकरीसाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या कुटुंबांना हे कळविणे विशेष अगत्याचे आहे. नोटीस घराच्या दारावर लागते आणि दाराला कुलूप असते.

शिक्षकांना तर हा विषय वर्गात शिकविण्यास सोपा आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. एकाने गटांची, दुसऱ्याने खात्यांची व तिसऱ्याने फेरफारांची वही काल्पनिक नावांनी तयार करावी. मग एक विक्री, एक वारसनोंद व एक वाटणी त्यांना करावयास सांगावी. नाव दोन ठिकाणी लिहिल्याने काय गोंधळ होतो, अर्धवट व्यवहारात जमीन कशी हरवते आणि यादीवाचून शोध किती लांबतो, हे मुलांना एका तासात स्वतःच्या हातांनी कळेल. कॉड यांचा सिद्धान्त समजावून देण्यास संगणकाची खोली लागत नाही.

नेसरीच्या खिंडीत पडलेल्या वीरांची नावे निश्चित करणे आज कोणाच्या हाती राहिलेले नाही. आपल्या काळातील माणसांची नावे मात्र आपल्या हाती आहेत. ती अचूक लिहिणे, बदल झाल्यास रीतसर बदलणे, मागताक्षणी देणे आणि पुरापावसातून पुढच्या पिढीपर्यंत सुखरूप पोहोचविणे, हे जुन्या दप्तरदाराचे कर्तव्य होते. दप्तर यंत्रात गेले म्हणून ते कर्तव्य यंत्राकडे गेलेले नाही.